साडूंची हिरवी अक्षरं

बंद पडलेल्या रेडिओला थापड न मारणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या भागात रेडिओ असो, टेबलफॅन असो, नाहीतर विहिरीवरची मोटार असो, ती रुसली की पहिला इलाज म्हणजे डाव्या अंगाला एक सणसणीत चापट, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरी उजव्या अंगाला. साडूभाऊंना हे बघवत नसे. एकदा सासुरवाडीला आम्ही दोघे जावई पंगतीला बसलो होतो. ऐन बातम्यांच्या वेळी ट्रान्झिस्टर गप्प झाला म्हणून सासऱ्यांनी त्याला एक ठेवून दिली. साडूभाऊ वरणभाताचा हात तसाच घेऊन पानावरून उठले, सासऱ्यांच्या हातातून ट्रान्झिस्टर काढून घेतला, लेकरासारखा छातीशी धरला आणि म्हणाले, "मामा, मारून काय राहिलात? त्याला काय झालं ते आधी इचारा तरी." मग पानाशी बसूनच त्यांनी त्याचं झाकण उघडलं. तो ट्रान्झिस्टर पुढं सासऱ्यांच्या अखेरपर्यंत बिनतक्रार चालला. फक्त त्याच्या जाळीतून कायमचा हिंगाच्या फोडणीचा वास येत असे.

ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उंच, सडसडीत, डोक्यावर टोपी आणि नजर सदैव तारांच्या उंचीवर. वारंगा फाट्याहून डोंगरकड्याला, आपल्या गावी, ते सायकलनं येत तेव्हा त्यांचे डोळे एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जात आणि सायकल एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात. रस्त्यात माझी गाठ पडली तर ते माझ्या डोक्याच्या वर दोन हात बघून "काय सर, कधी आलात?" असं विचारत, आणि मला वाटे की माझ्या मागं कोणीतरी फार उंच सर उभे आहेत. मी हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून सासरचे झाडून सगळे मला सरच म्हणतात. त्याला इलाज नाही.

त्यांचं लग्न ठरलं तीही गंमतच. मुलगी बघायला आले आणि छताच्या पंख्याकडे बघत बसले. मुलीचं नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं बाकीच्यांनी विचारून झालं. "तुला काही विचारायचंय का?" असं कुणीतरी त्यांना म्हणालं, तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, "हा पंखा चालू होताना असा कण्हतोय, ते कधीपासून?" सगळे अवघडले. मुलगी म्हणजे आमची अक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. ती मान वर न करता म्हणाली, "पोळ्यापासून." साडूभाऊंनी घरी जाऊन होकार कळवला. नंतर मी एकदा विचारलं की तेवढ्यावरून कसं ठरवलं, तर म्हणाले, "त्या घरात सात माणसं होती सर. पंखा कधीपासून कण्हतो, ते फक्त तिला ठाऊक होतं."

कारण त्यांचा एक सिद्धांत होता. कोणतीही वस्तू चालू होताना खरं बोलते; एकदा चालू झाली की मग ती चारचौघांसारखीच वागते. मोटार पहिल्या तीन सेकंदांत आपलं दुखणं सांगते, मग नुसती गुरगुरते. एसटीची गाडी सकाळी पहिल्यांदा कुरकुरते तेव्हा तिला ऐकावं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते चहा पिऊन नुसतं गाड्या चालू होताना ऐकायला फाट्यावर जात, आणि एखाद्या ड्रायव्हरला थांबवून सांगत, "साहेब, तुमच्या गाडीला पहिल्या दमात तकलीफ होऊन राहिली." ड्रायव्हर हसून गाडी हाकत. त्यातली एक गाडी तिसऱ्या दिवशी आखाडा गावाजवळ बंद पडली, तेव्हापासून ड्रायव्हर लोक त्यांना हसेनासे झाले आणि टाळू लागले. घरात अक्का सकाळी उठताना "अगं बाई" म्हणते की "चला" म्हणते, यावर ते दिवस कसा जाणार ते ठरवत. बराबर ठरवत, असं अक्काच सांगे.

असा माणूस कॉम्प्युटरच्या वाटेला गेला नसता तरच नवल. नव्वदचं दशक सरता सरता, हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन स्वतःचा जिल्हा झाली त्या सुमाराला, आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाली. चपला बाहेर काढून आत जायचं, पडदे लावलेले, गाभाऱ्यासारखा गारवा. मी साडूभाऊंना कौतुकानं दाखवायला नेलं. मशीन चालू झालं, पडद्यावर एक सुंदर चित्र आलं. साडूभाऊंचा चेहरा पडला. "हे काही बोललंच न्हाई," ते म्हणाले. "चित्र दाखवून गप्प बसलं. नव्या सुनेवानी." पुढं कुठल्याशा मासिकाबरोबर त्यांना एक सीडी मिळाली. तिच्यात लिनक्स नावाची, कुणीही फुकट वापरावी अशी प्रणाली होती. ती घातलेलं मशीन चालू झालं की पडद्यावर ओळींमागून ओळी सरसरत जात: मला एवढी मेमरी सापडली, ही डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, हे जमलं, ते जमलं नाही. मशीन आपल्या तोंडानं आपली हकिगत सांगत होतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साडूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळाखेरीज त्यांनी टोपी काढलेली मी तोवर पाहिली नव्हती.

जो भाग हे सगळं बोलतो, म्हणजे प्रणालीचा अगदी आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. या शब्दानं त्यांच्या घरात मोठा घोटाळा केला. साडूभाऊ जेवताना आपल्याच तंद्रीत म्हणत, "कर्नल आज लवकर उठला," "कर्नल काहून अडकला काय माहीत," "उद्या कर्नलला घरी आणतो." अक्कानं दुसऱ्या दिवशी अंगण सारवलं, ठेवणीतल्या बशा काढल्या, शेजारणीकडून रवा आणून शिरा केला आणि इस्त्रीचं लुगडं नेसून बसली. साडूभाऊ आले ते एक फ्लॉपी घेऊन. "कर्नलसाहेब कुठाय?" अक्कानं विचारलं. त्यांनी खिशातून ती चौकोनी फ्लॉपी काढून ताटाशेजारी ठेवली. अक्कानं शिरा वाढला. मला पुढं कित्येक वर्षं ती ही गोष्ट सांगून शेवटी म्हणे, "शिरा मात्र दोन वाट्या खाल्ला हो कर्नलनं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डोंगरकड्यापासून काही कोसांवर एक तांडा आहे. तिथल्या शाळेत एक बाई शिकवायच्या. त्या तांड्याच्याच लेक, शिकून परत आलेल्या. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखांतून हिंडत. आता सगळे शेती करतात. त्यांची बोली गोरमाटी. शाळेतली लेकरं मराठी शिकत होती आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर बोलीतले शब्द जात होते. म्हणून बाईंनी सहा वर्षं एकेका म्हातारीपुढं बसून शब्द गोळा केले. प्रत्येक शब्दापुढं अर्थ, आणि अर्थापुढं तो सांगणारीचं नाव. टेलिफोनच्या तारेचं काम करायला साडूभाऊ तांड्यावर गेले, तेव्हा बाईंच्या खोलीत त्यांनी वह्यांची ती चळत पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. नांदेडला एका कचेरीचं जुनं सामान निघालं होतं, त्यात त्यांना एक दणकट मशीन मिळालं होतं. ते त्यांनी बैलगाडीत घालून तांड्यावर नेलं, लिनक्स बसवून दिलं, बाईंना टाईप करायला शिकवलं. बाईंनी सगळे शब्द इंग्रजी अक्षरांत त्यात उतरवले. त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. ते पुरं झालं त्या दिवशी साडूभाऊ जे वाक्य बोलले ते पुढं त्यांना फार छळणार होतं. ते म्हणाले, "आता वह्या ठेवून काय करता? वाळवी लागंल." बाईंची खोली बदलली तेव्हा वह्या रद्दीत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आभाळ कडाडलं आणि शाळेजवळच्या खांबावर वीज पडली. मशीनचा पडदा काळा झाला. नवा पडदा लावून पाहिला, तोही काळाच. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडून बघितलं आणि सांगितलं की चित्र काढणारा भाग बोर्डावरच जळालाय. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी, तर ती जुन्या कचेरीची डिस्क वेगळ्याच जातीची. तिचं टोक हिंगोलीपासून नांदेडपर्यंत कुठल्याच मशीनला बसेना. "सोडून द्या बाई," दुरुस्तीवाला म्हणाला. "यातलं आता काही निघत नाही."

बाई साडूभाऊंना रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. ज्या म्हाताऱ्यांनी ते शब्द सांगितले होते, त्यांतल्या तिघी तोवर गेल्या होत्या. मी त्या आठवड्यात डोंगरकड्याला गेलो तेव्हा साडूभाऊ ओसरीत बसले होते आणि त्यांची नजर तारांच्या उंचीवर नव्हती, जमिनीवर होती. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाव्हणं, चार दिवस झाले, यांनी एका बी वस्तूचं काही ऐकलं न्हाई. काल मिक्सर जळाला, तरी यांना कळलं न्हाई."

मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "सर, त्याचं तोंड जळालंय. ते मेलं न्हाई. आतला पंखा फिरून राहिला, डिस्क कुरकुर करून राहिली. ते रोज उठतंय, रोज काहीतरी सांगून राहिलंय, आन ऐकायला कुणी न्हाई." मग मान वर करून, "पण पाठीमागं एक दार असतंय."

ते दार म्हणजे मशीनच्या पाठीवरची, तार जोडायची नऊ टाचण्यांची एक बारकी खाच. त्या सीडीत इंग्रजीत माहितीची पानं होती. ती आमच्या कॉलेजात छापून मी घेऊन गेलो आणि डोंगरकड्याच्या ओसरीत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मी वाचायचो, अर्धं मला कळायचं नाही. ते ऐकायचे, आणि इंग्रजी न येताही सगळं त्यांना कळायचं. सार एवढंच होतं: कर्नल उठायच्या आधी त्याच्या कानात एक ओळ सांगायची, की बाबा, तुझं बोलणं पडद्यावर नको, या मागच्या दारानं बाहेर पाठव. बाहेर एक तार जोडायची, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ते बोलणं दाखवणारं काहीतरी ठेवायचं. ते काहीतरी साडूभाऊंकडे आधीच होतं. नांदेडच्या त्याच सामानात त्यांना एक टर्मिनल मिळालं होतं. त्याला स्वतःची अक्कल अजिबात नव्हती; तारेतून जे येईल ते हिरव्या अक्षरांत दाखवायचं, आणि आपण टाईप करू ते तारेतून पाठवायचं, एवढंच त्याला येत होतं. अक्का त्यावर पापड वाळवायची.

पहिली अडचण तारेची. त्यांनी तार बनवली, छापील पानातल्या आकृतीशी ताडून पाहिली, जुळेना. मी त्यांना धीर देऊ लागलो तर तेच हसले. "माझंच चुकलं. मी याचं तोंड त्याच्या तोंडाला जोडलं. दोघं बी बोलून राहिले, कान कुणाचाच न्हाई." मग आत चहा करणाऱ्या अक्काकडे मानेनं खूण करून हळूच म्हणाले, "लग्नाची पयली दोन वर्षं आमचं असंच होतं." त्यांनी दोन तारा शिशाचा डाख देऊन उलटसुलट जोडल्या: याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड याच्या कानाला.

दुसरी अडचण मीच होतो, आणि साडूभाऊ सोडले तर हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. कर्नलच्या कानात सांगायची ती ओळ एका फ्लॉपीवर लिहायची होती. मशीन आधी फ्लॉपी वाचतं, मग उठतं. फ्लॉपी कॉलेजातल्या मशीनवर करायची, म्हणून काम माझ्याकडे आलं. साडूभाऊंनी ओळ कागदावर सुवाच्य लिहून दिली. ती त्यांना पाठ होती, आंघोळ करतानाही ते ती म्हणत: "कन्सोल बराबर टीटीवाय एस शून्य, नऊ हजार सहाशे." बरोबरच्या चिन्हाला ते 'बराबर' म्हणत, त्यामुळे ते स्तोत्रासारखं वाटे. कागदावर त्यातला एस मोठा होता, बाकीची अक्षरं लहान. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. शब्दाच्या मधोमध मोठं अक्षर मला खुपलं. लिहिताना हात चुकला असेल असं समजून मी ते लहान केलं. शुद्धलेखन सुधारलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

फ्लॉपी घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. त्या काळात वीज दुपारी ठरावीक तासच असे. बाईंच्या खोलीत मशीन, टर्मिनल, मध्ये ती तार. मशीन चालू केलं. फ्लॉपीचा दिवा लागला, डिस्क कुरकुरली, आणि टर्मिनलचा पडदा हिरवटसर काळा राहिला. एकच चौकोनी ठिपका लुकलुकत होता. साडूभाऊ तासभर त्या ठिपक्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक वेळी ते घरी येऊन तारेचा सगळा डाख उकलत आणि पुन्हा लावत. तिसऱ्या दिवशी परत येताना स्कूटरवर माझ्या मागून ते म्हणाले, "मला वाटायचं मला ऐकू येतं. न्हाई येत, सर. उगंच म्हणत होतो जन्मभर."

घरी जाऊन मी त्यांचा कागद पुन्हा काढला आणि छापील पानांशी अक्षर अक्षर ताडून पाहिला. पानोपानी तो एस मोठाच होता. मशीनला लहान आणि मोठा एस ही दोन वेगळी दारं होती. मी तीन दिवस कर्नलला चुकीच्या दारातून बोलायला सांगत होतो, आणि तो बिचारा तिकडे बोलतही असेल.

त्याच रात्री शिपायाकडून कॉलेजातली खोली उघडून घेऊन नवी फ्लॉपी केली, दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटरनं डोंगरकड्याला गेलो आणि ओसरीत उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मला वाटलं ते रागावतील. रागवायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चक्क माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे तार बराबर हाय?" ते म्हणाले. "तार बराबरच होती," मी म्हणालो. "चूक माझी." "तुमची कशाची," ते आत अक्काला चहाची हाक देत म्हणाले, "मराठीत लहानमोठं अक्षर असतंय कुठं? आपल्यात सगळे अक्षरं बराबरीचे."

त्या दुपारी खोलीत आम्ही चौघं होतो. अक्काही आली होती. कर्नलला भेटायचं राहिलंय म्हणाली. नवी फ्लॉपी घातली. दिवा लागला, डिस्क कुरकुरली, आणि टर्मिनलवर अक्षरांचा नुसता चिवडा सांडू लागला. फुल्या, प्रश्नचिन्हं, कंस, उलटेपालटे ठिपके. बाईंनी डोळे मिटून घेतले. साडूभाऊ मात्र खुर्चीतून अर्धे उठले. "बोललं! बोलून राहिलं बघा! आपल्याला कळत न्हाई ती गोष्ट येगळी." टर्मिनलच्या पाठीला बोलण्याची गती ठरवणारे बारके खटके होते. कर्नल एका गतीनं बोलत होता, टर्मिनल दुसऱ्याच गतीनं ऐकत होतं. साडूभाऊंनी अक्काच्या केसांतली पिन मागून घेतली, खटके बदलले, आणि मशीन पुन्हा चालू केलं.

आणि मग ती अक्षरं आली. हिरवी, शांत, एकामागून एक. तांड्यावरच्या त्या उन्हाळी दुपारी खिडकी लावून घेतलेल्या अंधारलेल्या खोलीत ती अशी वर वर सरकत होती, जणू तळ्याच्या तळातून कुणी सावकाश वर येतंय. मी वाचत होतो आणि साडूभाऊ प्रत्येक ओळीला मान हलवत होते. मेमरी सापडली. कीबोर्ड सापडला. पडदा सापडला नाही. "बराबर," साडूभाऊ म्हणाले. मग ती ओळ आली: डिस्क सापडली. बाईंनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आणखी थोडं पुढं जाऊन मशीन थांबलं आणि म्हणालं, की मला नीट बंद केलं नव्हतं, माझी डिस्क तपासायला हवी, मालकाचा परवलीचा शब्द द्या. म्हणजे दीड महिना, कुणीही ते चालू केलं की ते बिचारं इथपर्यंत येत होतं, हाच प्रश्न विचारत होतं, आणि वीज जाईपर्यंत उत्तराची वाट बघत होतं.

बाई पुढं झाल्या. "काका, तुमी तिकडं बघा," त्या म्हणाल्या. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. खरं तर तो शब्द पडद्यावर उमटतच नाही, हे साडूभाऊंना ठाऊक होतं. पण तेही मुकाट्यानं भिंतीकडे बघत राहिले. मग मशीन प्रश्न विचारू लागलं. हे बिघडलंय, दुरुस्त करू? ते तुटलंय, जोडू? साडूभाऊ प्रत्येक प्रश्नाला एक कळ दाबत आणि तोंडानं म्हणत, "व्हय." पुढचा प्रश्न, "व्हय बाबा." पुढचा, "व्हय, कर." चाळीसेक वेळा तरी म्हणाले असतील, आणि आवाज एकदाही चढला नाही. अक्का मला कुजबुजत म्हणाली, "इतक्यांदा व्हय मला न्हाई म्हणाले कधी."

शेवटी बाईंनी आपली यादी उघडायचा हुकूम दिला. पहिली ओळ हिरव्या अक्षरांत उभी राहिली: याडी. आई. आणि पुढं सांगणाऱ्या म्हातारीचं नाव. बाई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. साडूभाऊंनी टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून हातातच फिरवत राहिले. वीज जायच्या आत सगळी यादी तीन फ्लॉप्यांवर उतरली होती. कॉलेजात मी ती कागदावर छापली, तीन प्रती. साडूभाऊंनी स्वतः दाभणानं शिवल्या.

दिवाळी झाल्यावर बाईंनी तांड्याच्या देवळासमोर, सकाळच्या उन्हात, ती यादी वाचली. म्हाताऱ्या बाया येऊन बसल्या होत्या. आम्हा दोघांना मानानं बाजेवर बसवलं होतं. ओझं उतरवल्यावर बैलाच्या पाठीवर जो ओलसर चट्टा उरतो, त्याच्यासाठी त्यांच्यात एक शब्द होता. तो मी इथे लिहीत नाही; तो त्यांचा आहे, आणि माझ्या लेखणीत तो चुकीचाच बसेल. बाईंनी तो वाचला तेव्हा एक अगदी थकलेली, डोळ्यांनी जवळजवळ अधू म्हातारी काहीतरी बोलली. "विचारून राहिलीय, हा कुणी सांगितला," बाईंनी आम्हाला सांगितलं आणि त्या शब्दापुढं लिहिलेलं नाव वाचलं. ते त्या म्हातारीच्या थोरल्या बहिणीचं होतं. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. म्हातारी दोनच शब्द बोलली. ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाईंनी तो शब्द पुन्हा वाचला. मग आणखी एकदा.

परतताना साडूभाऊ स्कूटरवर माझ्या मागं होते. दोन्ही बाजूंना हळदीचं हिरवंगार पीक कमरेइतकं उभं होतं आणि हवा इतकी निवांत होती की स्कूटरचा आवाज आगाऊपणा वाटत होता. एका वळणावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून थांबायला सांगितलं. उतरले, बांधावर बसले. "माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली, सर," ते म्हणाले. "तिचा एक बी शब्द माझ्यापाशी न्हाई. मला काय म्हणून हाक मारायची, ते बी न्हाई ठाऊक. आवाज आठवायला जातो तर नुसता काळा पडदा." मी स्कूटर उभी करून त्यांच्याजवळ बांधावर बसलो. थोड्या वेळानं ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला, तुमची अक्का वाट बघत असंल."

पुढच्या रविवारी मी गावी माझ्या आईकडे गेलो. चौकटीत बसून ती शेंगा फोडत होती. मी वही काढली आणि तिला जुने शब्द विचारू लागलो, घरातले, चुलीपाशी कुणी आता म्हणत नाही असे. "काहून लिहून राहिलास रे? परीक्षा हाय का माझी?" असं म्हणून ती हसली, आणि शेंगा फोडता फोडता सांगत गेली. मग शेजारचं कुणी आलं, चहा झाला, राहिलं ते पुढच्या खेपेला म्हणून मी वही मिटली. पुढची खेप झालीच नाही. संक्रांतीच्या आत आई गेली.

सुतक फिटल्यावर साडूभाऊ भेटायला आले. माझ्याजवळ बसले. मी त्यांना ती वही दाखवली. त्यांनी ती गुडघ्यावर उघडून ठेवली आणि प्रत्येक शब्दाखालून सावकाश बोट फिरवत गेले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. "अकराच आहेत," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

"लई आहेत, सर," ते म्हणाले. "अकरा म्हंजे लई आहेत."